बाकोंगो लोक: इतिहास, रोजचं जगणं आणि श्रद्धा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

काँगो हे देशाचं नाव आहे, नदीचं की लोकांचं?

तिन्हींचं. आधी लोक आणि त्यांचं राज्य होतं, पुढे नदीला ते नाव पडलं आणि देश सगळ्यांत शेवटी आले. आज काँगो नावाचे दोन देश आहेत. एकाची राजधानी किन्शासा, दुसऱ्याची ब्राझाव्हिल. दोन्ही शहरं एकाच नदीच्या दोन काठांवर, समोरासमोर. या देशांत शेकडो भाषा आणि जमाती आहेत. ज्यांच्यावरून हे नाव आलं ते लोक त्यांतलेच एक. म्हणून ‘काँगोचा माणूस’ भेटला की तो याच समाजाचा असेल असं धरून चालू नये. उलट अंगोलाचा पासपोर्ट असलेला एखादा अस्सल याच समाजाचा निघू शकतो.

ते स्वतःला बाकोंगो म्हणतात. एकटा असेल तर मुकोंगो. भाषा किकोंगो. घोळ नको म्हणून इथे लोकांना बाकोंगो आणि त्यांच्या जुन्या राज्याला काँगोचं राज्य म्हटलं आहे.

हे लोक नेमके राहतात कुठे?

काँगो नदी किन्शासापासून धबधब्यांवरून उतरत अटलांटिक महासागराला मिळते. त्या शेवटच्या टप्प्याच्या दोन्ही बाजूंना. किन्शासाच्या देशात काँगो सेंट्राल हा प्रांत त्यांचा. मटाडी आणि बोमा ही बंदरं त्यातच येतात. ब्राझाव्हिलच्या देशात पूल आणि न्यारी हे भाग आणि पॉइंट न्वारचा किनारा. अंगोलात उत्तरेकडचे झाइर आणि उइजे प्रांत, शिवाय काबिंडा. सगळे मिळून एक कोटीच्या वर.

आतमध्ये पोटसमाज भरपूर: योंबे, विली, लारी, सोलोंगो, झोंबो, न्तांदू, मन्यांगा, असे कितीतरी. बोलीही थोड्याथोड्या वेगळ्या. एवढा सलग मुलूख तीन देशांत विभागला गेला तो १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या सुमारास, बेल्जियमचा राजा, फ्रान्स आणि पोर्तुगाल यांच्यातल्या वाटाघाटींत. बाकोंगोंना त्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

त्यांचं राज्य किती जुनं?

चौदाव्या शतकाच्या अखेरीचं. परंपरेनुसार लुकेनी लुआ निमी हा संस्थापक. राजधानी म्बांझा काँगो, आजच्या उत्तर अंगोलातल्या एका पठारावर. राजाला मनिकोंगो म्हणत. सोयो, म्बांबा, न्सुंदी, म्पांगू, म्बाता आणि म्पेंबा हे मुख्य प्रांत. गादी बापाकडून थोरल्या मुलाकडे आपोआप जात नसे. राजघराण्यातले अनेक जण हक्कदार असत आणि मोजके सरदार त्यांतून निवड करत. प्रत्येक राजाच्या मृत्यूनंतर भांडणं का होत, याचं उत्तर इथेच आहे.

चलन होतं न्झिंबू नावाच्या लहान शंखांचं. लुआंडाच्या (आज अंगोलाची राजधानी) बेटाजवळ बायका पाण्यात उतरून ते गोळा करत, आणि त्या बेटावर राजाचा हक्क होता. टाकसाळच म्हणा ना. राफिया ताडाच्या धाग्यांचं कापड तर असं विणत की सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या पोर्तुगीजांना ते मखमलीसारखं वाटलं. त्यातले काही तुकडे आजही युरोपातल्या संग्रहालयांत आहेत.

पोर्तुगीजांनी त्यांना जिंकून ख्रिस्ती केलं ना?

नाही. मराठी वाचकाचा इथे हमखास गैरसमज होतो, कारण आपल्या डोळ्यांसमोर गोवा असतो. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा तलवारीच्या जोरावर घेतला. नेमक्या त्याच वर्षांत काँगोत अफोंसो पहिला हा स्वतंत्र राजा स्वतःच्या गादीवर बसून आपल्या प्रजेत ख्रिस्ती धर्म पसरवत होता. पोर्तुगीज राजा तोच, पाद्रीही त्याच देशाचे. पण गोव्यात ते राज्यकर्ते होते आणि काँगोत पाहुणे.

दियोगो कांव हा दर्यावर्दी १४८२-८३ च्या सुमारास नदीच्या मुखाशी पोचला. आठेक वर्षांनी, ३ मे १४९१ रोजी, राजा न्झिंगा अ न्कुवूने बाप्तिस्मा घेतला आणि जोआंव पहिला हे नाव धारण केलं. त्याच्यात पुढे तेवढा उत्साह राहिला नाही. एकच बायको ठेवायची ही अट राजाला जड जाणारच: प्रत्येक लग्न म्हणजे एका घराण्याशी केलेला तह होता. त्याचा मुलगा म्वेंबा अ न्झिंगा, म्हणजेच अफोंसो, मात्र पक्का निघाला. वडिलांच्या मृत्यूनंतर सावत्र भावाशी लढाई झाली. ती आपण आभाळात दिसलेल्या संत जेम्सच्या कृपेने जिंकली असं अफोंसोने जाहीर केलं आणि ती कथा थेट राजचिन्हात घेतली.

त्याने शाळा काढल्या, मुलांना पोर्तुगालला शिकायला पाठवलं. त्याचा मुलगा हेनरिक याची पोपने १५१८ मध्ये बिशप म्हणून नेमणूक केली. सहारापलीकडच्या आफ्रिकेतला हा पहिला कॅथलिक बिशप. पुढे १६०८ मध्ये काँगोचा वकील अंतोनियो मानुएल रोमला पोचला आणि काही दिवसांतच तिथे वारला. रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये त्याचा संगमरवरी अर्धपुतळा आजही आहे. जिंकलेल्या मुलखातून वकील येत नाहीत.

मग गुलामांच्या व्यापाराचं काय? त्यात राजांचाही हात होता का?

होता. गुलामगिरी काँगोत पोर्तुगीजांच्या आधीपासून होती. युद्धात पकडलेले लोक गुलाम होत आणि अफोंसोनेही असे लोक विकले आहेत. त्याला सरसकट गुलामीविरोधी नायक करणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

त्याचा आक्षेप वेगळा होता आणि तो त्याने लिहून ठेवला आहे. १५२६ मध्ये पोर्तुगालचा राजा जोआंव तिसरा याला लिहिलेल्या पत्रांत तो तक्रार करतो की व्यापारी आमच्या देशातली मोकळी माणसं, सरदारांची मुलं, माझे नातेवाईकसुद्धा पळवून नेत आहेत आणि मुलूख ओस पडतो आहे. आम्हाला तुमच्याकडून पाद्री आणि शिक्षक हवेत, आणि चर्चच्या विधीपुरता दारू-पीठाचा पुरवठा. बाकी काही नको, असं तो कळवतो. त्याच वर्षी त्याने तपासणीची व्यवस्था बसवली. विकायला आणलेला माणूस खरोखर गुलाम आहे की पळवून आणलेला, हे अधिकाऱ्यांनी पाहायचं. व्यापार थांबला नाही. पलीकडे साओ टोमे बेटावरचे उसाचे मळे आणि नंतर ब्राझील माणसं गिळत होते, आणि काँगोतल्या सरदारांनाही परदेशी मालाची चटक लागली होती.

हे राज्य बुडालं कसं?

एका लढाईने नव्हे, पण एका लढाईनंतर. १५७५-७६ मध्ये पोर्तुगीजांनी दक्षिणेला लुआंडाची वसाहत उभी केली आणि शेजारीच प्रतिस्पर्धी झाला. काँगोच्या गार्सिया दुसऱ्याने १६४० च्या दशकात डचांशी हातमिळवणी करून त्यांना हुसकायचा प्रयत्न केला. सात वर्षं लुआंडा डचांकडे होतंही, पण पोर्तुगीज परतले. २९ ऑक्टोबर १६६५ रोजी म्ब्विलाच्या लढाईत राजा अंतोनियो पहिला मारला गेला. त्याचं शिर लुआंडाला नेलं.

पुढची चाळीसेक वर्षं भाऊबंदकीची. गादीवर दोन-दोन, तीन-तीन जण एकाच वेळी हक्क सांगत होते. १६७८ मध्ये राजधानी लुटली गेली आणि ओस पडली. गंमत अशी की याच काळात सोयो या एकट्या प्रांताने १६७० मध्ये पोर्तुगीज फौजेचा साफ धुव्वा उडवला. काँगो दुबळं होतं म्हणून नव्हे, तर आपापसांत झुंजत होतं म्हणून ढासळलं. युद्धकैदी मात्र जहाजांवर चढतच राहिले. नावापुरता राजा विसाव्या शतकापर्यंत होता. १९१३-१४ च्या बंडानंतर पोर्तुगीजांनी तेही पद मोडीत काढलं.

किंपा विता कोण?

याच यादवीतली एक विशीची मुलगी. बाप्तिस्म्याचं नाव बियात्रिस. जन्म साधारण १६८४ चा, घराणं खानदानी, आणि पारंपरिक उपचार करणारी न्गांगा म्हणून थोडं शिक्षणही झालेलं. १७०४ मध्ये ती खूप आजारी पडली. आजारातून उठली तेव्हा सांगू लागली की मी मेले, आणि आता माझ्या देहात संत अँथनी आहे. दर शुक्रवारी आपण मरतो, देवाशी बोलतो आणि परत येतो, असं ती म्हणे.

तिचं सांगणं सरळ होतं: भांडणं थांबवा, ओस पडलेल्या म्बांझा काँगोत परत या, एक राजा करा. त्याच्या जोडीला एक स्फोटक गोष्ट होती. येशू म्बांझा काँगोत जन्मला आणि त्याचा बाप्तिस्मा न्सुंदीत झाला, असं ती शिकवत होती. मरिया, संत फ्रान्सिस, सगळे आपल्यातलेच. चर्चमध्ये काळे संत नाहीत याबद्दल तिने मिशनऱ्यांना तोंडावर सुनावलं. गोव्यात गावोगाव ज्या संत अँथनीची चॅपलं आहेत, तोच हा संत. पण इथे तो एका आफ्रिकन मुलीच्या तोंडून युरोपीय पाद्र्यांची हजेरी घेत होता.

हजारो लोक तिच्या मागे राजधानीत जाऊन राहिले. ती टिकली मात्र दोनच वर्षं. तिला मूल झालं, आणि ब्रह्मचारी संताचा अवतार म्हणवणाऱ्या बाईला ते लपवावं लागलं. राजा पेद्रो चौथा याच्या माणसांनी तिला पकडलं. कपुचिन या कॅथलिक भिक्षुसंघाच्या इटालियन मिशनऱ्यांच्या आग्रहाने, पाखंडाच्या आरोपावरून, २ जुलै १७०६ रोजी तिला तिच्या साथीदारासह जाळलं. मूल वाचलं. तिच्या अनुयायांपैकी बरेच पुढच्या लढायांत पकडले जाऊन गुलाम म्हणून विकले गेले.

तिला कुणी आफ्रिकेची जोन ऑफ आर्क म्हणतात. मला ती तुलना आळशी वाटते. जोनने धर्माच्या मांडणीला हात लावला नव्हता. किंपा विताने अख्खं शुभवर्तमान आपल्या गावात आणून वसवलं.

अंगभर खिळे ठोकलेल्या त्या लाकडी मूर्ती कसल्या? त्या शत्रूला मारण्यासाठी असतात का?

नाही. त्या न्कोंदी. न्किसी या मोठ्या प्रकारातला हा एक. न्किसी म्हणजे शक्ती सामावलेली वस्तू: ती मूर्ती असेल, गाठोडं असेल, मडकं असेल किंवा शिंपला. नुसतं लाकूड कोरून काही होत नाही. मूर्तीच्या पोटात किंवा डोक्यावर पोकळी ठेवतात. त्यात न्गांगा पांढरी माती, थडग्याची माती, बिया, मुळं असं काय काय भरतो आणि वरून आरसा किंवा शिंपला बसवून बंद करतो. त्या मालमसाल्यामुळे एखाद्या मृताची ताकद तिथे राहायला येते अशी श्रद्धा.

खिळ्यांचं काम न्यायालयाचं आणि नोंदणी कचेरीचं होतं. दोन गावांत तह झाला, उधारीचा व्यवहार ठरला, चोरीचा आळ आला आणि आरोपीने शपथ घेतली, की एक खिळा किंवा लोखंडी पातं ठोकायचं. शपथ मोडली तर न्कोंदी शिकाऱ्यासारखा मागे लागणार. संग्रहालयातल्या एखाद्या मूर्तीकडे जवळून पाहिलं तर दिसतं की खिळे एकसारखे नाहीत. काही ओबडधोबड देशी पाती, काही युरोपीय कारखान्यातले स्क्रू, काहींना चिंधी किंवा दोरा गुंडाळलेला. प्रत्येक चिंधीमागे कुणाचं तरी प्रकरण.

वसाहतीच्या काळात मिशनऱ्यांनी यांतल्या कित्येक जाळल्या. अधिकाऱ्यांनी उचलून नेल्या, कारण ज्या मूर्तीपुढे करार होतात ती म्हणजे समांतर सत्ता, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

देव एकच मानतात का? मेल्यावर माणूस कुठे जातो?

निर्माता एकच, न्झांबी अ म्पुंगू. तो दूर असतो. रोजच्या अडचणीत त्याला हाक मारत नाहीत. जवळचे म्हणजे बाकुलू, पूर्वज. आणि झरे, डोह, खडक यांत राहणारे बिसिंबी.

जग दोन भागांत: वर जिवंतांचं, खाली मृतांचं, मध्ये पाणी. त्या पाण्याच्या सीमेला कालुंगा म्हणतात. सूर्य इथे मावळतो तेव्हा तिकडे उगवतो, आणि माणसाचंही तसंच. हे सगळं एका आकृतीत मावतं: वर्तुळात क्रूस, चार टोकांना उगवती, मध्यान्ह, मावळती आणि मध्यरात्र. आकृतीचं नाव दिकेंगा. पाद्री क्रूस घेऊन उतरले तेव्हा तो पाहणाऱ्यांना तो आकार अगदीच परका वाटला नसणार.

मृतांचा रंग पांढरा. पांढरी त्वचा असलेली माणसं, समुद्रातून, म्हणजे पाण्यापलीकडून, जहाजांत बसून आली, तेव्हा ती कुठून आली असा अर्थ लावला गेला असेल हे वेगळं सांगायला नको.

घरात सत्ता कुणाची चालते?

मामाची. बाकोंगो मातृवंशीय आहेत. मूल आईच्या कुळाचं, म्हणजे कांदाचं. जमीन कुळाची, आणि कुळाचा वडीलधारा म्हणजे आईचा भाऊ. भाच्याचं लग्न, आजारपण, शाळेची फी, जमिनीचा तंटा, सगळ्यांत त्याचा शब्द लागतो. बाप परका असतो असं नाही. त्याचा आशीर्वाद लागतो आणि त्याचा शाप तर फार वाईट मानतात. पण वारसा त्याच्याकडून येत नाही.

मातृवंश म्हणजे बायकांचं राज्य असा अर्थ काढू नये. वंश बाईकडून मोजतात, निर्णय बहुधा तिचा भाऊ घेतो. लग्नात मुलाकडून वधूमूल्य जातं: रोख रक्कम, कापड, बकऱ्या, ताडीचे किंवा वाइनचे मोठे बुधले, बापाला सूट, आईला कापडाचे तागे. यादी मुलीकडची मंडळी देतात आणि घासाघीस तासन्‌तास चालते. दोन्ही बाजूंनी बोलायला न्झोंझी नेमतात. हा वक्ता म्हणींवर म्हणी, मध्येच गाण्याची ओळ आणि टाळ्या घेत बाजू मांडतो. चांगल्या न्झोंझीला मागणी असते, कारण तोच भाऊबंदकीही मिटवतो.

रोजचं जेवण काय?

कसावा. ज्याचा साबुदाणा करून आपण उपासाला खातो तेच हे कंद. आफ्रिकेत ते पोर्तुगीज व्यापारातून अमेरिकेहून आलं. आज ते बाकोंगोंचं इतकं आपलं झालं आहे की त्याआधी काय खात असतील हा प्रश्न पडावा. (ज्वारी-बाजरीसारखी भरडधान्यं, केळी, कोनफळाच्या जातीचे कंद.)

कडू जातीच्या कसाव्यात सायनाइड असतं, म्हणून तो कच्चा खाता येत नाही. क्वांगा करण्याची रीत त्यातूनच आली आहे. कंद सोलून तीन-चार दिवस ओढ्यात किंवा डबक्यात भिजत घालतात. ते आंबतात, मऊ पडतात आणि वास सुटतो. नवख्याला तो वास सहन होत नाही. मग आतली दोरीसारखी शीर आणि धागे काढून टाकायचे, लगदा वाटायचा, पाणी निथळू द्यायचं, एकदा शिजवून चांगला मळायचा, पुन्हा लांबट गोळे करून रुंद पानांत घट्ट गुंडाळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि उकडायचे. हे सगळं बायकांचं काम, आणि कंबर मोडणारं काम. तयार क्वांगा चिवट, आंबूस, करड्या-पांढऱ्या रंगाचा असतो, आणि पानात आठवडाभर टिकतो. त्यामुळे प्रवासात, बाजारात, किन्शासा-मटाडी रस्त्याच्या कडेला तो सगळीकडे दिसतो.

सोबत कसाव्याच्याच पाल्याची कुटून शिजवलेली भाजी, साकासाका. शेंगदाण्याच्या कुटात केलेली फुंब्वा नावाच्या रानवेलीच्या पानांची भाजी. ताडफळाच्या दाट लाल रश्श्यातली कोंबडी, म्वांबा. मकायाबू, म्हणजे खारवलेला मासा, आणि मिरची. प्यायला मलाफू, ताडी. सकाळी उतरवलेली गोड असते, संध्याकाळी चढते. तंटा मिटवायला बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोर मलाफू आणि कोला फळ नसेल तर बैठक सुरूच होत नाही.

त्यांचा आठवडा चार दिवसांचा असतो हे खरं का?

असायचा. न्कांदू, कोंझो, न्केंगे, न्सोना. बाजार या दिवसांप्रमाणे पाळीपाळीने भरत, आणि ज्या गावी ज्या दिवशी बाजार त्या दिवसाचं नाव कित्येकदा गावालाच चिकटलं. यांतला एक दिवस शेतकामाला सुट्टीचा, बहुतेक ठिकाणी न्सोना. सात दिवसांचा आठवडा चर्चबरोबर आला आणि जिंकला. जुनी नावं जागांच्या नावांत उरली आहेत.

सिमों किंबांगू यांच्याबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण ऑक्टोबर १९२१ मध्ये बेल्जियन सरकारने एका उपदेशकाला मृत्युदंड सुनावला, आणि त्याच्या नावाने आज लाखो लोकांचं चर्च आहे.

किंबांगू यांचा जन्म १८८७ चा, गाव न्कांबा. इंग्रज बॅप्टिस्ट मिशनमध्ये शिकले, तिथेच बाप्तिस्मा घेतला. ६ एप्रिल १९२१ रोजी त्यांनी शेजारच्या गावात एका आजारी बाईवर हात ठेवून प्रार्थना केली आणि ती बरी झाली, असं अनुयायी सांगतात. बातमी पसरली. मळे आणि इस्पितळं रिकामी होऊन लोक न्कांबाच्या वाटेला लागले. किंबांगू लोकांना न्किसी टाकायला सांगत, नाचणं आणि अनेक बायका सोडायला सांगत. हे मिशनऱ्यांना आवडायला हवं होतं. पण कामगार गैरहजर राहू लागले आणि काळा माणूस परवानगीशिवाय संदेष्टा झाला, हे सरकारला चालण्यासारखं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये ते स्वतःहून हजर झाले. लष्करी न्यायालयाने ३ ऑक्टोबरला १२० फटके आणि मृत्युदंड सुनावला. राजा आल्बर्टने तो जन्मठेपेवर आणला. तीस वर्षं ते आपल्या मुलखापासून दूर एलिझाबेथव्हिलच्या, म्हणजे आजच्या लुबुंबाशीच्या तुरुंगात होते. १२ ऑक्टोबर १९५१ रोजी तिथेच वारले. उघडपणे उपदेश केला तो जेमतेम पाच महिने.

चळवळ चालवली ती पत्नी मरी म्विलू यांनी, लपूनछपून. हजारो अनुयायांना कुटुंबांसह दूरच्या प्रांतांत हद्दपार केलं. परिणाम उलटा झाला: जिथे जिथे पाठवलं तिथे तिथे हा पंथ रुजला आणि फक्त बाकोंगोंचा राहिला नाही. डिसेंबर १९५९ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली, १९६९ मध्ये जागतिक चर्च परिषदेचं सदस्यत्व. किन्शासाच्या देशात, म्हणजे काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, २०२३ पासून ६ एप्रिल ही सार्वजनिक सुट्टी आहे.

किंबांगू पंथात इतर चर्चपेक्षा वेगळं काय आहे?

ख्रिसमस २५ मे रोजी. दारू, तंबाखू, डुकराचं मांस वर्ज्य. प्रार्थनेच्या जागी अनवाणी जायचं. पोशाख हिरवा-पांढरा. प्रभुभोजनात वाइन आणि गव्हाची भाकर नाही. त्याऐवजी मध-पाणी आणि स्थानिक पिकांपासून केलेला केक. न्कांबाला ते नवं यरुशलेम मानतात आणि तिथलं पाणी व माती घरी नेतात. पुरुष-स्त्रिया, गट-गट यांच्यात देणगीची चढाओढ लावतात, तिला न्सिन्सानी म्हणतात; वाद्यवृंद वाजत असतो आणि पैसे टाकायला लोक नाचत नव्हे, तर संचलन करत येतात.

संगीताचं त्यांना वेड आहे. किन्शासाचा किंबांगुइस्ट सिम्फनी ऑर्केस्ट्रा १९९४ मध्ये आर्मां द्यांगिएंडा यांनी उभा केला. ते किंबांगू यांचे नातू, पूर्वी वैमानिक. सुरुवातीला वाद्यं पुरत नव्हती, म्हणून वादक पाळीपाळीने एकच व्हायोलिन वापरत.

धर्मशास्त्राच्या अंगाने इतर चर्चना खटकतं ते हे की बरेच अनुयायी किंबांगू यांना पवित्र आत्म्याचा अवतार मानतात. किंपा वितापासूनचा धागा इथे स्पष्ट दिसतो. बाकोंगोंनी ख्रिस्ती धर्म मनापासून घेतला, पण त्याचं केंद्र रोममध्ये किंवा लंडनमध्ये असावं हे त्यांना कधी पटलं नाही.

आज जुनी श्रद्धा उरली आहे का?

बहुतेक बाकोंगो कॅथलिक, प्रोटेस्टंट, किंबांगुइस्ट किंवा नव्या पुनरुज्जीवन चर्चांचे. पण किंदोकीचं भय सगळ्यांच्या घरात आहे. किंदोकी म्हणजे दुसऱ्याचं आयुष्य खाऊन टाकणारी गुप्त शक्ती. ती सहसा नात्यातल्याच माणसाकडे असते असं मानतात. अपघात, बेकारी, वांझपण, एकाएकी आलेला मृत्यू, प्रत्येक वेळी ‘कसं झालं’ याच्या जोडीला ‘कुणी केलं’ हा प्रश्न येतो. पूर्वी संशय म्हाताऱ्या मामावर जायचा. गेल्या काही दशकांत किन्शासात लहान मुलांवर, त्यातही पोरक्या आणि सावत्र मुलांवर असे आळ घेऊन त्यांना रस्त्यावर काढल्याची असंख्य प्रकरणं झाली आहेत, आणि त्याला काही पास्टर खतपाणी घालतात. ही परंपरा नव्हे. गरिबी आणि मोडलेल्या कुटुंबांनी जुन्या भयाला दिलेलं नवं रूप आहे.

स्वातंत्र्याच्या लढ्यात बाकोंगो कुठे होते?

आघाडीवर. १९५० मध्ये किकोंगो भाषेच्या जपणुकीसाठी अबाको ही संघटना निघाली आणि काही वर्षांतच राजकीय पक्ष झाली. ४ जानेवारी १९५९ रोजी तिच्या सभेला परवानगी नाकारली गेली. राजधानीत दंगल उसळली आणि बेल्जियमला पाय काढता घ्यावा लागला. अबाकोचे जोसेफ कासा-वुबू १९६० मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पलीकडच्या ब्राझाव्हिलचे पहिले राष्ट्राध्यक्ष फुल्बेर युलू लारी होते, म्हणजे तेही याच समाजाचे. अंगोलातलं १९६१ चं उत्तरेचं बंड होल्डेन रोबेर्तो यांच्या संघटनेचं. तीन देशांत मिळून एवढं केलं, तरी सत्ता त्यांच्याकडे फार टिकली नाही. जुनं राज्य पुन्हा उभं करण्याचं स्वप्न बुंदू दिया काँगो ही चळवळ पाहत आली आहे. २००७-०८ मध्ये तिच्यावरच्या पोलिसी कारवाईत बरेच लोक मारले गेले.

अमेरिका खंडांत त्यांच्या खुणा आहेत का?

भरपूर. क्यूबात पालो नावाचा पंथ आहे. त्यातल्या प्रार्थनांत किकोंगो शब्द आहेत आणि शक्तीने भरलेली मडकी न्किसीच्याच वळणाची. ब्राझीलमध्ये काँगोच्या राजाचा राज्याभिषेक दरवर्षी मिरवणुकीने साजरा होतो. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातलं १७३९ चं स्टोनो बंड काँगोच्या मुलखातून आलेल्या लोकांनी पुढे नेलं, असं इतिहासकार मानतात. हैतीत १७९१ मध्ये उठाव झाला तेव्हा गुलामांत काँगोतल्या यादवीत लढलेले अनेक जण होते. मळेवाल्यांनी मजूर म्हणून विकत घेतलेले हे लोक सराईत सैनिक होते.

किकोंगो शिकायची असेल तर?

आधी कोणती ते ठरवा. गावाकडच्या बोली आणि सोपी झालेली, बाजारात आणि सरकारी कामात चालणारी कितुबा यांत मोठा फरक आहे. किन्शासात मात्र लिंगाला ही वेगळी भाषाच चालते, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बाकोंगोंच्या पोरांतही. लेखनाची परंपरा जुनी आहे: किकोंगोतला धर्मप्रश्नोत्तरांचा ग्रंथ १६२४ मध्ये लिस्बनमध्ये छापला गेला.

म्बांझा काँगोला गेलं तर काय पाहायला मिळतं?

२०१७ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कुलुंबिंबी म्हणजे जुन्या कॅथेड्रलच्या दगडी भिंती, छप्पर नसलेल्या. १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे इथे आले होते. जवळच राजांची थडगी, राजवाड्याच्या जागी संग्रहालय, आणि ‘याला न्कुवू’ नावाचं झाड, ज्याच्या सावलीत राजा न्यायनिवाडा करायचा असं सांगतात. लुआंडाहून रस्त्याने जायला पूर्ण दिवस धरावा. पोर्तुगीज थोडीफार येत असेल तर सोपं जातं. इंग्रजीचा तिथे फारसा उपयोग नाही.